वृत्तपत्रे आणि लोकमताचा अग्रक्रम

वृत्तपत्रे लोकमत घडवितात असे सर्रास म्हटले जाते. परंतु ‘घडविणे’ या क्रियापदाचा नेमका अर्थ कोणता, याचा खुलासा क्वचितच केला जातो. एखाद्या प्रश्नावर वाचकाने कोणती बाजू घ्यावी हे वृत्तपत्र ठरवू शकते असा अर्थ घेतला, तर अनुभव त्याच्या विरुद्ध जातो. पक्की मते असलेला वाचक न पटणारा अग्रलेख वाचून मत बदलीत नाही. फार तर वृत्तपत्र बदलतो. वृत्तपत्राचे खरे सामर्थ्य याच्या अलीकडच्या पायरीवर असते. एका दिवसात घडणाऱ्या असंख्य घटनांपैकी कोणती मथळ्यात यावी, कोणती आतल्या पानावर चार ओळींत आटोपावी आणि कोणती मुळीच छापली जाऊ नये, याची निवड ते करीत असते.

वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की माणूस प्रत्यक्ष जगाला अनुसरून वागत नाही, तर त्या जगाचे जे चित्र त्याच्या मनात असते त्याला अनुसरून वागतो. पुढे १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अभ्यासकांनी चॅपेल हिल या गावी, मत कोणाला द्यावे हे अद्याप न ठरविलेल्या मतदारांना देशापुढील महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारले. त्यांनी सांगितलेला क्रम आणि वृत्तपत्रे, नियतकालिके व दूरचित्रवाणी यांनी निरनिराळ्या प्रश्नांना दिलेल्या जागेचा क्रम यांत विलक्षण साम्य आढळले. सभेची कार्यक्रमपत्रिका तयार करणाऱ्याला सभेत मताचा अधिकार नसला तरी चालतो. कोणता विषय चर्चेला येणार हे त्याच्या हाती असते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे तात्पर्य तेच होते.

मात्र हे तत्त्व माणसांच्या जीवनमरणाशी कसे निगडित असते, ते पाहण्यासाठी अमेरिकेतील निवडणुकीपेक्षा बंगालमधील १९४३ चा दुष्काळ अधिक उपयोगी आहे.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने बंगालच्या किनारी भागातील नावा व शिल्लक धान्य हलविले किंवा नष्ट केले. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूर जिल्ह्याला भीषण चक्रीवादळाने झोडपले. त्याची बातमीसुद्धा युद्धाच्या नावाखाली काही काळ दाबून ठेवण्यात आली. तांदळाचे भाव चढत गेले आणि भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर यांची क्रयशक्ती पाहता पाहता नाहीशी झाली. कलकत्त्यातील कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या नोकरवर्गाला सवलतीच्या दराने धान्य मिळत होते. खेड्यातील मजुराला ते नव्हते. १९४३ च्या पावसाळ्यात ही माणसे कलकत्त्याच्या पदपथांवर येऊन मरू लागली. तरीही प्रांतिक सरकारने दुष्काळ जाहीर केला नाही, कारण तो जाहीर करताच दुष्काळसंहितेनुसार मदतकार्याची जबाबदारी अंगावर पडली असती.

बंगाली वृत्तपत्रे याविषयी लिहीत नव्हती असे नाही. परंतु १९४२ च्या आंदोलनानंतर त्यांच्यावर सरकारची करडी नजर होती आणि त्यांच्या ओरडीत राज्यकर्त्यांना राजकीय विरोधाचाच सूर ऐकू येई. ‘द स्टेट्समन’ची गोष्ट निराळी होती. ते कलकत्त्यातील ब्रिटिश मालकीचे दैनिक होते. त्याचे संपादक इयान स्टीव्हन्स हे इंग्रज होते. आणि दिल्लीतील अधिकारी सकाळच्या चहाबरोबर जे वृत्तपत्र उघडीत, त्यांपैकी ते एक होते. युद्धकालीन निर्बंध प्रामुख्याने शब्दांवर होते; छायाचित्रांचा विचार ते नियम करणाऱ्यांनी केला नव्हता. २२ ऑगस्ट १९४३ च्या रविवारच्या अंकात स्टीव्हन्स यांनी उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या स्त्रियांची व मुलांची छायाचित्रे छापली आणि पुढच्या रविवारी आणखी छापली. ऑक्टोबरमध्ये भारतमंत्री लिओ एमरी यांनी दर आठवड्याला सुमारे १,००० मृत्यू होत असावेत, कदाचित अधिकही, असे ब्रिटिश संसदेत सांगितले, तेव्हा ‘स्टेट्समन’ने अग्रलेखात या आकड्याची खरमरीत झडती घेतली.

दुष्काळाची वार्ता आता दडपणे शक्य राहिले नाही. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी दुष्काळाच्या काळात कलकत्त्याला एकदाही भेट दिली नव्हती. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी आलेले वेव्हेल मात्र सूत्रे हाती घेताच आठवड्याभरात तेथे पोहोचले आणि त्यांनी मदतकार्यासाठी लष्कर कामाला लावले. याचे सगळे श्रेय छायाचित्रांना देणे अतिशयोक्तीचे होईल. वेव्हेल यांची नेमणूक उन्हाळ्यातच ठरली होती आणि त्यांचा स्वभावही भिन्न होता. तथापि लंडन व दिल्लीच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंगालचा विषय वर सरकला तो या आठवड्यांत, हे निर्विवाद आहे. येथे वाचकांची संख्या गौण होती. वाचणारे कोण होते हे महत्त्वाचे होते. ज्यांची छायाचित्रे छापली गेली, त्यांच्यापैकी कोणी ते वृत्तपत्र वाचले नसणार.

याच प्रकरणाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. छायाचित्रे कलकत्त्याच्या रस्त्यांवरची होती, म्हणून दुष्काळही कलकत्त्याचा वाटला. सुनील जाना या छायाचित्रकाराने ‘पीपल्स वॉर’ या साम्यवादी साप्ताहिकासाठी गावोगाव फिरून चित्रे घेतली. चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूरमध्ये पायी हिंडून काढलेल्या रेखाचित्रांची ‘हंग्री बेंगाल’ ही पुस्तिका सरकारने जप्त करून नष्ट केली. शिवाय डिसेंबर १९४३ मध्ये भाताचे पीक उत्तम आले आणि बातमी संपली. मृत्यू संपले नाहीत. क्षीण झालेल्या शरीरांवर हिवतापाने झडप घातली. अमर्त्य सेन यांच्या हिशेबानुसार या दुष्काळाच्या बळींपैकी निम्म्याहून बरेच अधिक लोक १९४३ उलटल्यानंतर मरण पावले. १९४५ साली चौकशी आयोगाने एकूण बळी सुमारे १५ लाख धरले होते. सेन यांचा अंदाज त्याच्या दुप्पट, म्हणजे ३० लाखांच्या घरात जातो.

सेन यांचे बालपण त्याच बंगालमध्ये गेले. स्वतंत्र वृत्तपत्रे व नियमित निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी घडत नाही, हा त्यांचा सिद्धांत सुपरिचित आहे. स्वतंत्र भारतात १९६६–६७ मध्ये बिहारवर आणि १९७२–७३ मध्ये महाराष्ट्रावर मोठे संकट आले, पण बंगालची पुनरावृत्ती झाली नाही. बिहारमध्ये ‘दुष्काळ’ हा शब्द अधिकृतपणे उच्चारायला एप्रिल १९६७ उजाडला, म्हणजे फेब्रुवारीतील निवडणुका होऊन नवे सरकार आल्यावर, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चीनमध्ये १९५८ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली. तेथील वृत्तपत्रे सरकारी होती आणि विक्रमी पिकांच्या बातम्या छापीत होती. आपणच पढविलेला पोपट बोलेल तेच खरे मानण्याची पाळी राज्यकर्त्यांवर आली. भारतातही जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात, सक्तीच्या नसबंदीविषयी उत्तरेतील खेड्यांत किती संताप साचला आहे याची चाहूल देऊ शकणारी वृत्तपत्रे सरकारने स्वतःच मुकी केली होती. तो संताप मतपेटीतूनच प्रकट झाला.

पण या सिद्धांताला सेन आणि त्यांचे सहलेखक ज्याँ द्रेझ यांनी स्वतःच एक मर्यादा घातली आहे. भूकबळी ही बातमी होते. वर्षानुवर्षांची अर्धपोटी अवस्था ही बातमी होत नाही. तिला आरंभाचा दिवस नसतो, छायाचित्रात ती उठून दिसत नाही, आणि कालच्यापेक्षा आज काही निराळे घडले असेही नसते. १९८५ साली ओरिसातील कालाहांडी जिल्ह्यात दारिद्र्यापायी मूल विकले गेल्याच्या बातमीने देश हादरला. पंतप्रधान राजीव गांधी स्वतः तेथे गेले, योजना आल्या, पैसा आला, आणि ‘कालाहांडी’ हे नाव दुष्काळाचा पर्याय बनले. दहा वर्षांनंतर पत्रकार पी. साईनाथ तेथे फिरले तेव्हा त्यांना आढळले, की या जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान देशातील अनेक भागांपेक्षा जास्त आहे आणि तेथे पिकणारे धान्यही माणशी हिशेबाने ओरिसाच्या सरासरीहून कमी नाही. धान्य बाहेर जात होते. ते पिकविणारे मजूर सावकाराच्या कर्जात होते.