मागची तारीख

चि. मनूस,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी तुला धड उत्तर दिलं नाही. ‘सही करू नकोस’ एवढंच म्हणालो आणि तू गप्प झालीस. तुला वाटलं असेल, मामा निवृत्त होऊन बसलाय, त्याला सांगायला काय जातं. म्हणून आज सकाळी पूजा आटोपून हे लिहायला बसलो.

सातवीतल्या त्या मुलीने वर्गशिक्षिकेला जे सांगितलं, ते तू त्याच दिवशी पोलिसांना कळवलंस. तू मुख्याध्यापिका होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. संस्थेचे सचिव गावाला होते, त्यांची वाट पाहत तू थांबली नाहीस. तुझं बरोबरच झालं. पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमात शाळेने आधी आपली चौकशी करावी, संस्थेची परवानगी घ्यावी, असं काही नाही. कळलं की कळवायचं. न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला २१व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई करता येत नाही. हे तुला पाठ आहे, पण ‘तुम्ही घाई केलीत मॅडम’ असं रोज ऐकलं की पाठ असलेलंही डळमळतं.

आता संस्थेला हवं आहे ते निराळंच. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असायच्या त्या सखी सावित्री समितीच्या दोन बैठका झाल्या होत्या, मुलीची तक्रार समितीपुढे आली होती आणि समितीनेच पोलिसांकडे जायचं ठरवलं, असं इतिवृत्त मागच्या तारखेने लिहायचं आणि खाली तुझी सही. सचिव तुला म्हणाले, ‘यात कुणाचं काय वाईट होतंय? गुन्हा तर दाखल झालाच आहे.’ तुला त्यात थोडं तथ्य वाटलं हे तुझ्या आवाजावरून कळलं. मनू, मलाही एकदा तसंच तथ्य वाटलं होतं.

साल १९९४. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. गणिताचे सर फार चांगले शिकवायचे. स्कॉलरशिपला आमची मुलं लागायची ती त्यांच्यामुळे. त्यांनी आठवीतल्या एका मुलाला कानाखाली मारली. कानातून रक्त आलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं. बाप सालगडी होता, तो फाटकापाशी हात जोडून उभा राहिला, जणू चूक त्याचीच. संध्याकाळी अध्यक्षांच्या ओसरीवर बैठक झाली. नवी तुकडी मंजूर व्हायची होती. पट घसरला तर दोन शिक्षक अतिरिक्त ठरणार होते, त्यातल्या एकाची बायको बाळंतपणाला टेकलेली. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी शाळेच्या नोंदवहीत लिहिलं: ‘मधल्या सुट्टीत खेळताना पडून दुखापत.’ तारीख आदल्या दिवशीची टाकली. औषधाचे पैसे संस्थेने दिले, बापाने अंगठा दिला. वर्षअखेरीस मुलगा दाखला घेऊन गेला. शाळा सोडण्याचं कारण ‘पालकाच्या विनंतीवरून’, वर्तणूक ‘चांगली’. ते अक्षर माझं आहे.

त्या वर्गात बावन्न मुलं होती. त्यांनी चपराक पाहिली होती, रक्तही पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि कुणीच काही विचारलं नाही. मला तेव्हा हायसं वाटलं. मुलांनी त्या दिवशी काय शिकून घेतलं ते मला फार उशिरा उमगलं: आपण पाहिलेलं मोठ्यांच्या वहीत वेगळं लिहिलं जातं, आणि गप्प बसणाराच पुढच्या वर्गात जातो. सरांनी पुढेही मारलं. का नाही मारणार? आपल्या हाताचा हिशेब मुख्याध्यापक लिहून देतो हे त्यांना कळलं होतं.

तो मुलगा मला पाच वर्षांपूर्वी भेटला. ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे त्याचं, चांगलं चालतं. मला ओळखून पाया पडला. बोलताना डावा कान पुढे करत होता. चहा पाजला, मुलीचे मार्क सांगितले. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि कारागीर हाक मारत आला. नंतर दोनदा त्या रस्त्याने गेलो, पण वर्कशॉपपाशी थांबलो नाही.

म्हणून सांगतो, मागची तारीख नुसती कागदावर राहत नाही. आज ‘समितीने ठरवलं’ असं लिहिलंस तर उद्या कोर्टात तुला विचारतील, बैठकीला कोण हजर होतं? मुलगी काय म्हणाली? मग ज्या बाईंकडे मुलगी खरोखर बोलली, त्यांचं म्हणणं आणि तुझं इतिवृत्त जुळणार नाही. त्या फटीतून आरोपीचा वकील शिरेल आणि मुलीच्याच खरेपणावर बोट ठेवेल. सचिवांना सांग, यात कुणाचं वाईट होतंय ते असं.

आणि समितीच्या बैठका झाल्याच नव्हत्या, हे खरं आहे ना? मार्च २०२२च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत ही समिती आली. तुमच्याकडे ती कार्यालयाबाहेरच्या फलकावरच आहे. हे तुझ्या आधीपासून चालत आलंय, पण तू आल्यावरही चार महिने तसंच राहिलं. ते कबूल कर. आजच्या तारखेचं पत्र संस्थेला लिही: समितीची बैठक अद्याप झालेली नाही, पहिली बैठक अमुक दिवशी घेत आहे. जावक क्रमांक टाक, पोच घे. तोंडी सूचना आली की ‘आपण आज फोनवर दिलेल्या सूचनेसंदर्भात’ अशी सुरुवात करून लेखी उत्तर दे. अशा पत्रानंतर तोंडी सूचना बऱ्याच कमी होतात, हा माझा उशिराचा अनुभव.

बदलापूर तुला आठवतच असेल. ऑगस्ट २०२४. बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार आली. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास अडल्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि कळूनही पोलिसांना न कळवल्याचा गुन्हा शाळा चालवणाऱ्यांवर दाखल झाला. लोकांचा संताप त्या एका माणसापुरता नव्हता. आईबापांना शाळेच्या दारात जे गप्प बसणं भेटलं, त्याच्यावरही तो होता. शाळेचं नाव सांभाळायला निघालेल्यांनी ते कुठे नेऊन ठेवलं बघ.

तुझे सचिव दुष्ट आहेत असं मी म्हणणार नाही. तीस वर्षं पदरमोड करून त्यांनी ती शाळा उभी केली. पण नावाची सवय फार वाईट लागते. दहावीचा शंभर टक्के निकाल फ्लेक्सवर लागावा म्हणून नववीतल्या कच्च्या पोरांना हळूच बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावणाऱ्या शाळा आपण दोघांनीही पाहिल्या आहेत. तिथे कुणाला मारहाण होत नाही, रक्त येत नाही, म्हणून त्याला कुणी खोटं म्हणत नाही. माझ्या मते ते त्याच वहीतलं पान आहे. नकोशी मुलं गाळून शंभर टक्के दाखवायची सवय जडली की नकोशा घटना गाळणं जड जात नाही. पुढच्या वर्षी तुझ्याकडे अशा कच्च्या पोरांची यादी येईल तेव्हा हे लक्षात ठेव.

नोकरीची भीती मनातून काढ असं म्हणणार नाही, ती राहणारच, घराचे हप्ते आहेत. पण खाजगी शाळेतल्या कायम कर्मचाऱ्याला असं उठून काढता येत नाही. सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे चौकशी करावी लागते, आणि काढलं किंवा पदावनत केलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात जाता येतं. आपल्या गावच्या वकिलांशी मी बोलून ठेवलंय, तुझं वा शाळेचं नाव न घेता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती मुलगी शाळेत येतेय का, हे तू फोनवर सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. दोघंही सही-शिक्क्यात अडकलो. तिचं नाव शिक्षकखोलीतही कुणी उच्चारू नये. तिला मुद्दाम पुढच्या बाकावर बसवू नका, मागेही ढकलू नका. तिच्या आईला कुणी ‘दुसरीकडे घाला, मुलीच्याच भल्यासाठी’ असं सुचवलं तर त्या माउलीला आधी तुझ्याकडे यायला सांग. तो दाखला तुझ्या हातून जाऊ देऊ नकोस. त्यावरच्या कारणाच्या रकान्यात काय लिहितात ते मला ठाऊक आहे.

बुधवारी संस्थेची बैठक आहे म्हणालीस. दुपारच्या एसटीने मी येतो. आत येणार नाही, फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसेन. कितीही वेळ लागला तरी बसेन.

तुझा,
मामा