शेताचे मूक राखणदार

वणी परिसरातील काळ्या, कसदार जमिनीत कपाशी जोमाने वाढते. परंतु पावसाने ओढ दिली आणि ऊन तापू लागले, की या पिकावर एक सूक्ष्म शत्रू चाल करून येतो. त्याचे नाव लाल कोळी. हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या लाल कोळ्याला आठ. घराच्या कोपऱ्यात जाळे विणणाऱ्या कोळ्याचा हा दूरचा आप्त. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पानाच्या खालच्या बाजूस राहून तो रस शोषतो. पानावर प्रथम फिकट ठिपके उमटतात. पुढे पान तांबूस होऊन गळून पडते.

या शत्रूवर निसर्गाने पहारेकरीही नेमले आहेत. परभक्षी कोळी हा त्याचाच भाऊबंद. पण तो पानाचा रस न शोषता लाल कोळ्याची अंडी व पिले शोधून खातो. चिमुकले काळे ढालकिडे त्याच्यावरच जगतात. जाळीदार हिरव्या पंखांच्या क्रायसोपाची अळी मावा आणि लाल कोळी दोन्ही फस्त करते. हे राखणदार ना मजुरी मागत, ना विश्रांती.

घाईने विषारी औषध फवारले, तर हे मित्रच आधी मरतात. उरलेल्या लाल कोळ्यांना मग कोणाचाच धाक राहत नाही, आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात असेच घडले. तेथील संत्र्या-लिंबांच्या बागा पांढऱ्या खवलेकिडीने उजाड होत होत्या. १८८८ साली ऑस्ट्रेलियातून ढालकिडे आणून सोडले आणि बागा वाचल्या. पुढे डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली. ढालकिडे मेले आणि गेलेली कीड पुन्हा बोकाळली.

विषाची झळ माणसालाही लागते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. रोगापेक्षा औषध भयंकर ठरले.

म्हणून जाणता शेतकरी आधी पान उलटून पाहतो. शत्रू किती, मित्र किती, याचा अदमास घेतो. बांधाकडेने चवळी पेरून मित्रकीटकांना आसरा देतो. औषध हा त्याचा शेवटचा उपाय असतो. ज्याला आपले राखणदार ओळखता येतात, त्याचेच शेत सुरक्षित राहते.

स्वाध्याय
१. लाल कोळ्याला कीटक का म्हणता येत नाही?
२. फवारणीनंतर लाल कोळी अधिक का वाढतो?
३. 'रोगापेक्षा औषध भयंकर' ही म्हण या पाठास कशी लागू पडते, ते लिहा.