नापास झालेली मुलगी

दिल्लीतील एका शाळेत स्वयंपाकाची परीक्षा चालू होती. वर्गात मुलींना आजारी माणसांसाठीचे इंग्रजी पद्धतीचे पदार्थ शिकवले होते. परीक्षेत मात्र समोर आले बटाटे आणि आपले देशी मसाले! एका मुलीला काही सुचेना. ती नापास झाली.

त्या मुलीचे नाव मधुर. पुढे याच मधुर जाफरींनी दूरचित्रवाणीवरून इंग्लंडला भारतीय स्वयंपाक शिकवला.

मधुर यांचा जन्म १३ ऑगस्ट १९३३ रोजी दिल्लीत झाला. त्यांचे कुटुंब मोठे होते. घरी स्वयंपाकी होते, त्यामुळे त्यांच्यावर चूल पेटवण्याची वेळच आली नाही. शाळेत मात्र मधल्या सुट्टीत हिंदू, मुसलमान, जैन अशा सर्व मैत्रिणी आपापले डबे एकत्र उघडत. प्रत्येक डब्याची चव निराळी! ती चव मधुरच्या जिभेवर कायमची राहिली.

मधुरला नाटकाची फार आवड होती. काही दिवस त्यांनी आकाशवाणीवर काम केले. नंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या अभिनय शिकण्यासाठी लंडनला गेल्या. तेथील बेचव जेवण त्यांच्या घशाखाली उतरेना. घरची फार आठवण येई. शेवटी त्यांनी आईला पत्र लिहून पदार्थ कसे करायचे ते विचारले. आईने हिंदीत कृती लिहून पाठवल्या. त्या पत्रांच्या आधारे नापास झालेली मुलगी स्वयंपाक शिकू लागली.

१९५७ साली अभिनयाचे शिक्षण पूर्ण करून त्या पुढे अमेरिकेत गेल्या. मुंबईचे इस्माईल मर्चंट हे त्यांचे मित्र. मर्चंट यांच्या 'शेक्सपिअरवाला' या चित्रपटातील भूमिकेसाठी १९६५ साली बर्लिनच्या महोत्सवात मधुर यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तरीही भारतीय अभिनेत्रीला परदेशात कामे थोडीच मिळत. तीन मुलींना वाढवायचे होते. म्हणून त्यांनी खाद्यपदार्थांवर लेख लिहायला सुरुवात केली. १९७३ साली त्यांचे पहिले पाककृतींचे पुस्तक निघाले.

१९८२ साली बी.बी.सी.वर त्यांचा भारतीय स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू झाला. शिकलेला अभिनय येथे कामी आला. त्यांचे बोलणे गोड, सांगणे सोपे. एकदा त्यांनी कोथिंबीर घालून कोंबडीचा एक पदार्थ करून दाखवला. दुसऱ्या दिवशी मँचेस्टर शहरातील कोथिंबीर संपून गेली, असे सांगतात!

पुढेही मधुर यांनी अभिनय सोडला नाही आणि लेखणीही खाली ठेवली नाही. २००४ साली ब्रिटनने आणि २०२२ साली भारत सरकारने 'पद्मभूषण' देऊन त्यांचा गौरव केला.

मुलांनो, एका परीक्षेत नापास होणे म्हणजे आयुष्यात नापास होणे नव्हे. शिकण्याची भूक मात्र हवी.

शब्दार्थ
कृती – पदार्थ करण्याची रीत
बेचव – चव नसलेले
कामी येणे – उपयोगी पडणे

स्वाध्याय
१. मधुर परीक्षेत नापास का झाल्या?
२. लंडनमध्ये त्या स्वयंपाक कशा शिकल्या?
३. 'शिकलेला अभिनय येथे कामी आला', असे लेखकाने का म्हटले आहे?
४. तुमच्या आईला एखाद्या पदार्थाची कृती विचारा व ती मराठीत लिहा.