जुने सर्व्हर, नवे विद्यार्थी : बंगळुरूच्या संगणकदानाचा धडा

माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील सर्व्हर ठरावीक वर्षांनी बदलले जातात. यंत्र बिघडलेले असतेच असे नाही. निर्मात्याकडून मिळणारी देखभालीची हमी संपलेली असते, किंवा नवे यंत्र कमी विजेत अधिक काम करते. बंगळुरूसारख्या शहरात अशी चालू स्थितीतील यंत्रे मोठ्या प्रमाणावर सेवेतून बाजूला होतात. दुसरीकडे, शाळांच्या माहितीचे संकलन करणाऱ्या 'यूडायस प्लस' अहवालानुसार २०२४-२५ मध्ये देशातील सुमारे ६५ टक्के शाळांतच संगणकाची सोय होती. या दोन बाजू जोडणे वरवर सोपे वाटते. मात्र जुने यंत्र देणे ही केवळ दातृत्वाची बाब नसून धोरण, शिक्षण आणि पर्यावरण या तिन्हींशी तिचा संबंध आहे. विद्यार्थ्यांनी हा विषय त्याच दृष्टीने अभ्यासावा.

दानाची कायदेशीर वाट

सॉफ्टवेअर निर्यातीला चालना देण्यासाठी १९९१ मध्ये 'सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया' ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. या योजनेतील कंपन्यांना सीमाशुल्क न भरता संगणक आयात करता येत. परंतु ही सवलत निर्यातीच्या कामासाठी असल्याने यंत्र दुसऱ्यास दिल्यास शुल्काचा प्रश्न उभा राही. म्हणजे शाळेला संगणक फुकट देण्यासाठी कंपनीला आधी कर भरावा लागण्याची शक्यता होती.

बंगळुरूस्थित इन्फोसिस कंपनीने १९९९ मध्ये 'कॉम्प्युटर्स अ‍ॅट क्लासरूम्स' हा वापरलेले संगणक शिक्षणसंस्थांना देण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हा तिने केंद्रीय उत्पादन व सीमाशुल्क मंडळ आणि वाणिज्य मंत्रालयाकडे यासाठी परवानगी मागितली. या उपक्रमात मायक्रोसॉफ्टने अधिकृत आज्ञावली पुरविल्या. पुढे परकीय व्यापार धोरणात याबाबत स्पष्ट तरतूद आढळते. दोन वर्षे वापरलेले संगणक व त्यांची जोडसाधने मान्यताप्राप्त अव्यापारी शिक्षणसंस्था, नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालये, सार्वजनिक ग्रंथालये व शासकीय संस्था यांना शुल्काविना देता येतात.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. परंतु जुन्या यंत्राची किंमत ठरवून ती या खर्चात दाखविता येत नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. कायद्याला वस्तू नव्हे, तर प्रत्यक्ष खर्च अभिप्रेत आहे.

जुना सर्व्हर काय शिकवितो?

आजचा भ्रमणध्वनी किंवा पातळ लॅपटॉप विद्यार्थ्याला उघडून पाहता येत नाही. बहुतेक भाग एकाच पट्टीवर कायमचे जोडलेले असतात. सर्व्हरची रचना मात्र उघडून दुरुस्त करण्यासाठीच केलेली असते. झाकण काढताच प्रोसेसर, स्मृतीच्या पट्ट्या, चकत्यांचे कप्पे, पंखे आणि वीजपुरवठ्याचे दोन संच वेगवेगळे दिसतात. दोन संच कशासाठी, या एका प्रश्नातूनच अखंड सेवेची कल्पना उलगडते.

माहिती सुरक्षित कशी राहते, याचे उदाहरण घेऊ. तीन चकत्यांपैकी पहिलीवर १०११ आणि दुसरीवर ०११० हे अंक आहेत. दोन्हींतील एकाखालचा एक अंक भिन्न असेल तर १, समान असेल तर ० असे मांडल्यास ११०१ मिळते. ते तिसऱ्या चकतीवर ठेवले जाते. आता पहिली चकती निकामी झाली, तरी ०११० आणि ११०१ यांवर तीच क्रिया केली असता १०११ परत मिळते. पाठ्यपुस्तकात रुक्ष वाटणारे हे द्विमान गणित, वर्गातील सर्व्हरमधून एक चकती बाहेर काढूनही धारिका उघडते तेव्हा, विद्यार्थ्याच्या कायमचे लक्षात राहते.

याशिवाय एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करणे, प्रत्येकाला स्वतंत्र अधिकार देणे, जाळ्यातून माहिती पाठविणे या मूलभूत बाबी सर्व्हरवरच नीट समजतात. लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली वापरल्यास परवान्याचा खर्च येत नाही आणि कमी क्षमतेचे संगणक त्याला जोडून छोटी प्रयोगशाळाही उभी राहते.

देणगी की अडगळ?

भारताला जुन्या यंत्रांचा कटू अनुभवही आहे. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनी आपली १४०१ जातीची वापरलेली यंत्रे येथे दुरुस्त करून भाड्याने देत असे. परदेशात कालबाह्य ठरलेले तंत्रज्ञान भारताच्या माथी मारले जात आहे, अशी टीका तेव्हा झाली. पुढे परकीय चलन नियमन कायदा, १९७३ मधील परकीय भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने ही कंपनी १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली.

याउलट, १९६३ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत त्याच कंपनीचे १६२० हे यंत्र आले. आजच्या तुलनेत त्याची क्षमता नगण्य होती. पण विद्यार्थ्यांना त्यावर स्वतः आज्ञावली लिहिता आल्या आणि देशातील संगणक शिक्षणाचा पाया घालण्यास त्याने हातभार लावला. यंत्र कोठे ठेवले, कोणाच्या हाती दिले आणि सोबत शिक्षक होता की नाही, यावर त्याचे मोल ठरते. बंगळुरूतच २००० च्या दशकाच्या अखेरीस सुदर्शन लेआउट या वस्तीत 'आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर' चालविणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर मूव्हमेंट कर्नाटकच्या स्वयंसेवकांनी मुलांना मुक्त आज्ञावलींच्या आधारे संगणक शिकविला. तेथे खरी देणगी स्वयंसेवकांच्या वेळेची होती.

चार जबाबदाऱ्या

पहिली जबाबदारी विजेची. ४०० वॅट घेणारा सर्व्हर अहोरात्र चालू राहिल्यास ३० दिवसांत २८८ युनिट वीज लागते. तोच रोज दोन तास, महिन्यातील २२ दिवस वापरल्यास १७.६ युनिट पुरतात. म्हणून त्याचा उपयोग प्रात्यक्षिकापुरता करावा. दुसरी जबाबदारी माहितीच्या गोपनीयतेची. चकत्यांवरील माहिती कायमची पुसूनच यंत्र देणे दात्याचे कर्तव्य आहे; डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मुळे त्याचे महत्त्व वाढले आहे. तिसरी जबाबदारी प्रशिक्षित शिक्षकाची व सुट्या भागांची.

चौथी जबाबदारी अंतिम विल्हेवाटीची. ई-कचऱ्यासंबंधीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये अधिसूचित झाले. २०१६ च्या सुधारित नियमांनंतर २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यांत उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीबरोबरच यंत्रांचे नूतनीकरण करणाऱ्यांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. बंगळुरूजवळ दोब्बासपेट येथे 'ई-परिसरा' हे अधिकृत पुनर्चक्रण केंद्र २००५ मध्ये सुरू झाले. परंतु प्रत्येक गावाजवळ अशी सोय नसते. दात्याने यंत्र परत नेण्याची हमी दिली नाही, तर कंपनीचा कचरा शाळेच्या कोठीत गेला, एवढेच घडते.

समारोप

सारांश, जुना सर्व्हर शाळेच्या संगणक कक्षाला पर्याय नाही. तो शरीररचनेच्या वर्गातील सांगाड्यासारखा आहे. नवी साधने पुरविण्याचे शासनाचे दायित्व त्यामुळे कमी होत नाही. शिक्षक, वीज आणि परत नेण्याची हमी यांसह आलेले यंत्रच देणगी ठरते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. शुल्कमुक्त आयात केलेले संगणक दान करण्यासाठी स्वतंत्र तरतुदीची गरज का भासली?
२. 'पुनर्वापर हा पुनर्चक्रणाहून श्रेयस्कर असतो.' सर्व्हरच्या संदर्भात या विधानाच्या मर्यादा स्पष्ट करा.
३. विस्तारित उत्पादक जबाबदारी आणि दात्याची जबाबदारी यांतील फरक सांगा.