धुरातील वायू सागराच्या तळाशी ठेवता येईल काय?

वाचन : उत्पत्ती 2:15, मीखा 7:19

पाठाचा हेतू : डोळ्यांआड केलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे वर्गाला समजावे.

उधन्याला खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. लूम आणि डाईंग मिल यांवर त्यांची चूल पेटते. कापड रंगवण्यास वाफ लागते व त्यासाठी बॉयलरमध्ये बहुधा कोळसा जळतो. 2019 साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेच्या कारखान्यांसाठी धुरातील कणांची एकूण मर्यादा ठरवून परवान्यांच्या खरेदी-विक्रीची योजना सुरू केली. हे चांगले झाले. परंतु कण गाळणीत अडकतात, कार्बन डायऑक्साइड वायू अडकत नाही. 12 किलो कार्बन जळला म्हणजे हवेतील प्राणवायू मिळून 44 किलो वायू होतो. तोच पृथ्वीची उष्णता वाढवतो.

हा वायू पकडून समुद्रात सोडावा, अशी सूचना इटलीचे शास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती यांनी 1977 साली केली. सुमारे 3000 मीटरांखाली दाबामुळे द्रवरूप वायू समुद्राच्या पाण्याहून जड होतो व खाली बसतो. पण तो हळूहळू पाण्यात विरघळतो, पाणी आम्ल होते आणि शिंपल्यांच्या प्राण्यांना कवच बांधणे कठीण जाते. शिवाय खोल पाणी काही शतकांनी पुन्हा वर येते. म्हणून ईशान्य अटलांटिकच्या देशांनी 2007 साली पाण्यात वा तळावर वायू ठेवण्यास मनाई केली.

दुसरा मार्ग निराळा आहे. नॉर्वेच्या स्लाइप्नर येथे 1996 पासून वायू समुद्रतळाच्याही खाली, वालुकाश्मात भरला जातो. वर घट्ट खडकाचे झाकण आहे. तरीही त्यावर सतत लक्ष ठेवावे लागते.

मीखा संदेष्टा पापे समुद्राच्या खोलात टाकण्याविषयी बोलतो. ती देवाची क्षमा आहे. आपल्या धुराला ते वचन लावू नये. आपल्याला बाग राखण्याचे काम दिले आहे.

वायू पकडण्यासही उष्णता, म्हणजे आणखी इंधन लागते. लहान लहान बॉयलरांना हा खर्च झेपणे कठीण. म्हणून आधी वाफेची गळती थांबवावी, नळांना वेष्टन घालावे, वाफेचे गरम पाणी पुन्हा बॉयलरात घ्यावे. कोळसा वाचेल तेवढा वायू मुळातच होणार नाही. मात्र सुधारणेचा भार मजुराच्या पगारावर पडू नये.

वर्गात करून पाहा : अंड्याचे टरफल व्हिनेगरमध्ये ठेवा. बुडबुडे येऊन ते झिजते. समुद्र इतका आंबट होत नाही, हेही मुलांना सांगा.

चर्चेसाठी प्रश्न :
1. पाण्यात वायू सोडणे व खडकात साठवणे यांत फरक कोणता?
2. आज आपण टाकलेल्या ओझ्याची राखण पुढे कोण करील?
3. आपल्या घरी व कामाच्या जागी कोणते इंधन वाया जाते?