कागदावरचे लिंग आणि फोनवरची हाक

बँकेतून फोन येतो आणि पलीकडून ‘सर’ ऐकू येते. आवाजाचा अंदाज त्यात थोडा असतो. बऱ्याचदा बोलणारा समोरच्या पडद्यावरची नोंद वाचत असतो. ती नोंद जिथून आली, तिथून दुरुस्तीला सुरुवात करावी. आपण यवतमाळ जिल्ह्यात राहत असाल, तर पुढचा क्रम सोयीचा पडेल.

1. कागदावर काय हवे, ते आधी ठरवा. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा कायदा दोन प्रमाणपत्रांची तरतूद घेऊन आला. पहिल्यावर ‘ट्रान्सजेंडर’ अशी नोंद होते. शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय दाखला जोडून मागायचे ते सुधारित प्रमाणपत्र. त्यावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहिले जाते. हा निर्णय घाईने घेऊ नका. आधारमधील लिंगाची नोंद सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते. सुधारित प्रमाणपत्र लवकरच मिळणार असेल, तर आधारला तोवर हात न लावलेला बरा.

2. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अर्ज राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टलवर शपथपत्रासह भरता येतो, त्यामुळे उमरखेड किंवा झरी जामणीहून त्यासाठी यवतमाळ गाठण्याची गरज नाही. 2020 च्या नियमांनी निर्णयासाठी 30 दिवसांची मुदत घातली. अर्ज नाकारल्यास कारण लेखी मागा. अपिलाला 90 दिवस दिलेले आहेत. नियमांत बदल होत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवरील चालू सूचना वाचा. अडल्यास सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात विचारा.

3. नाव बदलायचे असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्धी द्या. प्रमाणपत्रावर नवे नाव असले, तरी काही टेबलांवर राजपत्राचीच प्रत मागतात. वाद घालण्यापेक्षा ती जवळ असलेली बरी.

4. आता आधार, मग पॅन, मग बँक. मतदार यादीसाठी नमुना 8 भरा. दहावी-बारावीच्या कागदांसाठी शाळेमार्फत अमरावती विभागीय मंडळाकडे, पदवीसाठी विद्यापीठाकडे जावे लागेल; इथे वेळ लागतो. सर्वत्र नाव आणि लिंग अक्षरशः एकसारखे ठेवा.

एकाच ओळखीवर ठाम राहणे कसे उपयोगी पडते, हे जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या प्रकरणात दिसते. तिथे पारलिंगी उमेदवार अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरील ग्रामपंचायतीचा अर्ज फेटाळला गेला होता. 2 जानेवारी 2021 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. आपण स्त्री ही ओळख आयुष्यभरासाठी निवडली आहे, ही त्यांची भूमिका न्यायालयाने विचारात घेतली. पुढे त्या निवडूनही आल्या.

5. बँक, गॅस एजन्सी आणि मोबाइल कंपनी यांना वेगवेगळे पत्र द्या. आधार बदलले म्हणून त्यांच्याकडची जुनी नोंद आपोआप बदलत नाही. पत्रात नाव आणि लिंगाबरोबर ‘संबोधन: श्रीमती’ किंवा ‘श्री’ असा वेगळा मुद्दा लिहा. हा रकाना हमखास राहून जातो आणि फोनवरची चूक तिथूनच निघते. पत्राची पोच घ्या.

6. फोन उचलल्यावर पहिले वाक्य आपले ठेवा. मराठी क्रियापद इथे मदतीला येते: ‘मी बोलतेय’ किंवा ‘मी बोलतोय’ एवढ्याने लिंग सांगून होते. तरीही चूक झाली, तर एकदाच, शांतपणे म्हणा: ‘मला मॅडम म्हणा, आणि तुमच्याकडे तशी नोंद करा.’ तक्रार क्रमांक मागून घ्या. आपल्या ओळखीबद्दल यापुढचा एकही प्रश्न त्या कर्मचाऱ्याच्या कामाचा नाही; उत्तर देऊ नका.

7. चूक वारंवार होत असेल, तर संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. असा अधिकारी नेमणे 2019 च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेवर बंधनकारक केले. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते. सोबत पोच, तक्रार क्रमांक आणि फोन आल्याच्या तारखा जोडा.