लीमा काढताना कॉटरी किती वॅटवर?

तासगाव



लीमा, म्हणजे बायपाससाठी छातीच्या आतली डावी धमनी, काढताना कॉटरी कितीवर ठेवायची, असं विचारलंस. आकडा सांगतो, पण नुसता आकडा घेऊन टेबलाशी उभा राहू नकोस. छाती उघडताना कॉटरीचं कोॲग (रक्त थांबवणारा करंट) चाळीस वॅटच्या आसपास असतं. धमनीकडे वळलास की सिस्टरना ते पंधरा-वीसवर आणायला सांग, आणि त्यांनी आकडा मोठ्यानं उच्चारल्याशिवाय पेन्सिल टेकवू नकोस. आधीचे चाळीस तसेच राहून जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

धमनी ठोके देते म्हणून ती शाबूत आहे असं समजू नकोस. तिच्या आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, म्हणून धमनी सैल राहते आणि आत रक्त गोठत नाही. ते पोळलं की धमनी आकसते, गुठळी धरते. हातातल्या रेडियल धमनीचं उदाहरण बघ. 1970 च्या दशकात सर्जन कार्पांतिए यांनी ती बायपाससाठी वापरली, पण ग्राफ्ट बंद पडू लागले म्हणून सोडून दिली. 1992 मध्ये त्यांच्याच पॅरिसमधून अकार यांनी ती पुन्हा पुढे आणली. या वेळी काढताना हात हलका होता, आत सळई घालून ताणणं बंद केलं होतं आणि आकसू नये म्हणून औषध दिलं जात होतं. धमनी तीच, पण आता ती टिकू लागली.

मात्र वॅट कमी म्हणून टोक टेकवून रेंगाळू नकोस. कमी वॅटवर जास्त वेळ धरलं तरी उष्णता आजूबाजूला पसरतेच. टोक लागलं, ऊतक पांढरं पडलं, हात उचल. आपल्या द्राक्षबागेत गर्डलिंग करताना आजोबा सुरी सालीपुरतीच फिरवायचे, लाकडाला लागू द्यायचे नाहीत, ते तू पाहिलं आहेस.

धमनीच्या प्रत्येक फांदीला धमनीकडच्या बाजूनं क्लिप लाव, कॉटरी फक्त छातीच्या भिंतीकडच्या टोकाला. चरबी बाजूला सारायची असेल तर करंट न देता थंड टोकानं सार. मधुमेही रुग्णात दोन्ही बाजूंच्या धमन्या घ्यायच्या असतील तर धमनी एकटी सोडवून घे, म्हणजे उरोस्थीचा रक्तपुरवठा जास्त राखला जातो. त्या कामात तर क्लिप आणि कात्रीच बरी. वर पहिल्या बरगडीशी फ्रेनिक नस अगदी जवळ असते, तिथे कॉटरी नकोच.

आणि कापत नाही म्हणून घाईनं वॅट वाढवायला सांगू नकोस. आधी टोकावरची काजळी पूस, रुग्णाखालची प्लेट नीट चिकटली आहे का ते बघ, वायर तपास. सरांचा हात भराभर चालतो म्हणून तू घाई करायची नाहीस. आपल्या तालुक्यातला माणूस बायपास करून येतो तो पुन्हा द्राक्षबागेत उभा राहायला, आणि ती एक धमनी त्याला पुढची वीस वर्षं पुरायला हवी.

काढून झाल्यावर पॅपावेरिन लावून थोडं थांब, मग रक्ताची धार बघ. बारीक वाटली तर सरांना लगेच सांग, लपवू नकोस. रेडियल काढायची पाळी आली की आदल्या रात्री मला फोन कर, त्याबद्दल वेगळं बोलू.

तुझा,
मामा